एटीसी (आर्टिस्ट ट्रेडिंग कार्डं) वाकतात, पाकिटाला चिकटतात. काय चुकतंय?

कागदवेडी
हाताने केलेल्या पाच-पाच चित्रकार्डांची अदलाबदल ठरली आहे. माप नेहमीचंच, अडीच बाय साडेतीन इंच. तळाला जुन्या कॅटातले पत्ते घेतले, फेविकॉल पाण्यात सैल करून वर हॅन्डमेड कागद डकवला आणि अक्रिलिकने रंगवलं. सकाळी बघते तर कार्डं पन्हळीसारखी वाकलेली! चार प्लास्टिकच्या पाकिटात सरकवली होती, ती प्लास्टिकला चिकटली. काही पत्ते मापाला अरुंदही भरतायत. आणि पोस्टाने कशी पाठवावीत?

पट्टी_कटर
अरुंद पत्ते ब्रिजच्या कॅटातले, रुंदी सव्वादोन इंच. पोकरचा कॅट अडीच इंची असतो, तोच घ्या. १९९७ मध्ये झुरिकला हा प्रकार सुरू झाला तेव्हापासून माप ठरलेलं आहे: ६४ बाय ८९ मिमी. विषय कुठलाही चालतो. दशावतारी गंजिफेतला (हाताने रंगवलेल्या जुन्या पत्त्यांतला) मत्स्य काढा हवा तर, पण सावंतवाडीसारखं गोल कापू नका.

वाकण्यात फेविकॉलचा दोष नाही, पाण्याचा आहे. ओला कागद फुगतो आणि वाळताना आकसतो. खालच्या पत्त्यावर लेप असल्याने तो आकसत नाही, मग वरचा कागद त्याच्या कडा ओढून घेतो. म्हणून आधी पत्त्याची चकाकी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवा. फेविकॉल पाणी न घालता, जुन्या व्हिजिटिंग कार्डाने अगदी पातळ पसरा. आणि मुख्य म्हणजे पाठीवरही तेवढ्याच जाडीचा कागद लावा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. मशीनचा कागद असेल तर तंतूंची दिशा दोन्ही बाजूंना एकच ठेवा. हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो त्या वळणाला समांतर तंतू असतात. हॅन्डमेडला अशी दिशा जवळजवळ नसतेच. मग बटर पेपरमध्ये घालून पाटाखाली, वर वरवंटा, रात्रभर.

जलरंग_कट्टा
मी म्हणेन पत्त्यांचा नादच सोडा. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) एका ए-फोर कागदात ९ कार्डं बसतात, तीन बाय तीन. कापताना स्टीलची पट्टी कार्डाच्या अंगावर ठेवा, पातं बाहेरच्या बाजूने चालवा. घसरलं तर कातरण खराब होईल, कार्ड नाही. एका दमात कापू नका, तीन हलके हात मारा. बोथट पात्याने कडेला कागद पिंजतो.

चिकटण्याचं म्हणाल तर अक्रिलिक हाताला कोरडा लागला तरी आत मऊ असतो, पावसाळी हवेत जास्तच. त्यात मऊ पीव्हीसीचं पाकीट असेल तर त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ रंगात उतरतो. नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पाकीट नकोच, पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. कार्डं तीन दिवस उघड्यावर वाळवा. चिकटलेल्यांची पाकिटं तीन बाजूंनी कापा आणि प्लास्टिक वर न उचलता मागे दुमडत, सावकाश सोलत न्या.

टपालवाली
३०० जीएसएमचं एक कार्ड साधारण १.७ ग्रॅम, म्हणजे पाच कार्डं साडेआठ. त्यांच्या दोन्ही बाजूंना कार्डापेक्षा थोडा मोठा पातळ पुठ्ठा लावा, नाहीतर कोपरे दुमडतात. टपालाचं पाकीट धरून २० ग्रॅमच्या आत बसेलही, पण काट्यावर ठेवल्याशिवाय तिकीट चिकटवू नका. मणी, बटणं असली उंच सजावट टाळा, शिक्का मारताना तीच चेपते.

पाठीवर नाव, गाव, शीर्षक, तारीख, आणि एकाच चित्राच्या प्रती असतील तर २/५ असा क्रमांक. पाठीचा कागद डकवण्याआधीच लिहा, वॉटरप्रूफ शाईने. जेल पेन फिसकटतं. परतीचं पाकीट स्वतःचा पत्ता आणि तिकीट लावून आत घाला. आणि ही कार्डं विकायची नसतात. विकायचीच तर त्यांना एसीईओ (आर्ट कार्ड्स, एडिशन्स अँड ओरिजिनल्स) म्हणा.

कागदवेडी
पाठीचा कागद! हे डोक्यातच नव्हतं. ब्रिजचा कॅट मग टाकून देऊ?

पट्टी_कटर
छे, टाकता कशाला. फेविकॉल पसरायला व्हिजिटिंग कार्डाऐवजी तेच वापरा, ५२ आहेत.