पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये रिकामी बसलेली कनेक्शन्स मारायची की लिमिट वाढवायची?

ऑरेंजवाला_कोडर:
कळमन्याच्या एका अडत्याचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळून राहिलो, पोस्टग्रेस 15 आहे. संत्र्याची आवक वाढली की दुपारपर्यंत 'टू मेनी क्लायंट्स'चा एरर येते न् काउंटरवर बोंबाबोंब. मॅक्स कनेक्शन्सची लिमिट डिफॉल्ट 100 च आहे. पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीत (कोणतं कनेक्शन काय करून राहिलं ते तिथं दिसते) पाहिलं तर बहुतेक 'आयडल' म्हणजे रिकामी, अन् काही 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' म्हणजे व्यवहार अर्धवट उघडा ठेवून रिकामी बसलेली दिसून राहिले. 100 चे 500 करू का? का ही कनेक्शन्स मारून टाकू? कोणाचं बिल तर उडणार नाही ना?

बर्डीचा_डीबीए:
500 नको करू भाऊ, पोस्टग्रेस दर कनेक्शनला वेगळी प्रोसेस काढते, रॅम खाईल. नुसतं आयडल म्हणजे गाडी अंगणात उभी आहे, आयडल इन ट्रान्झॅक्शन म्हणजे बर्डीच्या मेन रोडवर आडवी लावून मालक तर्री-पोहे खायला गेला. त्याने डेटावर घेतलेले लॉक तसेच राहतात, वर जुना स्नॅपशॉट (डेटाचं आधीचं चित्र) धरून बसला असेल तर व्हॅक्यूमला, म्हणजे पोस्टग्रेसच्या झाडूवाल्याला, डेड रो (जुन्या, बाद झालेल्या नोंदी) साफ करता येत नाही, टेबल फुगतच जाते. आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट लाव, असं कनेक्शन ठरलेल्या वेळानंतर आपोआप तोडते, 9.6 व्हर्जनपासून आहे पण डिफॉल्ट 0 म्हणजे बंदच असते. ऑल्टर रोल करून फक्त ॲपच्या युजरला लाव, नव्या सेशनपासून लागू होईल. कमिट झालेलं (पक्कं सेव्ह झालेलं) बिल कुठं जात नाही, अर्धवटवालं रोलबॅक म्हणजे रद्द होईल.

रामदासपेठ_देव:
टाइमआउट ठीक आहे पण कोड पाहा ना आधी. एक्सॅक्ट_स्टार्ट (ट्रान्झॅक्शन कधी सुरू झालं) अन् शेवटची क्वेरी पाहिली की कळते कोण आहे ते. पायथॉनची पोस्टग्रेसला जोडणारी लायब्ररी सायकोपीजी2 असेल तर डेटा वाचणारं साधं सिलेक्टही ट्रान्झॅक्शन उघडते, मग मधेच एसएमएसची एपीआय अडकली की झालं, कमिट लटकलेलं. आणि आयडल_सेशन_टाइमआउट, जे नुसत्या आयडल कनेक्शनला तोडते न् 14 मध्ये आलं, ते पूल (ॲपने उघडून ठेवलेल्या कनेक्शन्सचा साठा) असेल तर जपून, पूलला वाटते कनेक्शन जिवंत आहे न् पुढच्या क्वेरीला तोंडावर पडते. तुमच्या 100 च्या भानगडीला पीजीबाउन्सर (थोड्या कनेक्शन्सवर बरेच क्लायंट चालवणारा मधला प्रोग्राम) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये टाका, त्यात कनेक्शन फक्त ट्रान्झॅक्शनपुरतं मिळते, फक्त सेशनभर टिकणारं सेट वगैरे वापरत असाल तर ते चालणार नाही.

ऑरेंजवाला_कोडर:
पायथॉनच आहे. पण पीजी_कॅन्सल_बॅकएंड मारून पाहिलं, ट्रू आलं तरी कनेक्शन हललंच नाही, काऊन?

बर्डीचा_डीबीए:
अरे कॅन्सल फक्त चालू क्वेरी थांबवते, इथं क्वेरी चालूच कुठं आहे? पीजी_टर्मिनेट_बॅकएंड वापर, ते कनेक्शनच तोडते. अन् 17 वर गेलास तर ट्रान्झॅक्शन_टाइमआउट पण मिळेल, तो पूर्ण ट्रान्झॅक्शनचाच वेळ मोजते, मधेमधे क्वेरी चालू असली तरी.