एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी गावात सामूहिक स्वयंपाकघर: पंगत बसवावी की डबे पोहोचवावेत?

प्रश्न: अडाणकाठ (जि. यवतमाळ)

नमस्कार. आमच्या गावातील महिला बचत गटाने समाजमंदिरात आठवड्यातून तीन दिवस दुपारचे सामूहिक जेवण सुरू करण्याचे ठरवले असून हिशेब आणि परवानग्यांचे काम माझ्याकडे आहे. गावात कोणी उपाशी झोपते असे सहसा कोणी मान्य करत नाही, कारण अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला 35 किलो धान्य मिळते, आणि 2023 पासून ते मोफत आहे. परंतु तुरीची डाळ, तेल आणि भाजी विकतच घ्यावी लागते, आणि निराधार वृद्धांना मिळणाऱ्या श्रावणबाळ योजनेच्या दरमहा 1500 रुपयांतून औषधपाणी भागवल्यावर त्यासाठी फारसे उरत नाही.

शिवाय एका जिवासाठी दोन वेळा चूल पेटवायची इच्छाच होत नाही. आमच्या शेजारच्या आजी सकाळी दोन भाकरी थापतात, एक तेव्हा खातात आणि दुसरी रात्री पाण्यात भिजवून तिखट-मिठाबरोबर संपवतात. कापूस वेचणीच्या दिवसांत सगळी आळी सकाळीच शेतात जाते आणि दिवेलागणीपर्यंत त्यांच्याशी बोलायला कोणी नसते.

गटातील ताईंनी घरोघरी जाऊन विचारले, तेव्हा ज्यांना जेवणाची खरी गरज आहे त्यांनीच ‘आमचं काही अडलं नाही, बाई’ म्हणून नकार दिला. मग डबे घरपोच द्यावेत का? पैसे घ्यावेत की नाही? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: सोलेभाजी (जि. वर्धा)

दादा, डब्यांनी सुरुवात करू नका. डबा दारात ठेवून आपण पुढच्या घरी गेलो की त्या आजी पुन्हा एकट्याच जेवणार. त्यांच्या पोटाची सोय होईल, पण दिवसभर तोंडातून शब्द न निघण्याचे काय? शिवाय एकदा डबे सुरू झाले की धडधाकट माणसेही डबाच मागतात आणि पंगत कधीच भरत नाही, हे आमच्या परिसरात घडलेले आहे.

नकाराबद्दल म्हणाल, तर ज्या बाईने जन्मभर पोळ्याला आणि पंगतीला दुसऱ्यांना वाढले, तिला ‘तुमच्यासाठी जेवण ठेवले आहे’ असे सांगितल्यावर ती येणार नाही, हे उघड आहे. तिला कामासाठी बोलवा. आमच्या गटाने आजीबाईंना सकाळी नऊलाच डाळ निवडायला, अंबाडीची भाजी खुडायला आणि पौष-माघात तुरीचे सोले (शेंगांतील हिरवे दाणे) काढायला बोलवायला सुरुवात केली. हे काम बसून करता येते, हात चालू असले की तोंडही चालू राहते, आणि कामाला आलेला माणूस जेवल्याशिवाय परत जात नाही, ही आपल्याकडची रीतच आहे. पुरुष मंडळी मात्र लवकर वळत नाहीत. विधुर आजोबांचे हाल तर आजींपेक्षा जास्त असतात, कारण अनेकांना साधे वरणही लावता येत नाही. त्यांच्याकडे हजेरीची वही, पाण्याचे पिंप आणि सरपण सोपवावे.

पैशाबाबत माझे मत असे की नाममात्र रक्कम जरूर घ्यावी, पण ती बंद डब्यात टाकायला सांगावी, म्हणजे कोणी किती टाकले हे दिसत नाही. ज्याच्याकडे पैसे नसतील त्याने ओंजळभर ज्वारी आणली तरी चालते. अंदाजासाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या शिवभोजन थाळीचे प्रमाण पाहा: दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण आणि 150 ग्रॅम भात, ग्रामीण भागासाठी थाळीची किंमत 35 रुपये धरली होती, त्यांपैकी 10 रुपये ग्राहकाचे आणि बाकीचे शासनाचे. त्यानंतर भाव वाढले आहेत, हे लक्षात ठेवूनच बेत आखावा. वृद्धांसाठी चपाती कमी करून वरण घट्ट आणि जास्त ठेवावे, कारण दात नसलेला माणूस भाकरी कुस्करूनच खातो. पातळ वरणात ती नुसतीच तरंगते.

उत्तर: धानबांधी (जि. भंडारा)

सोलेभाजी ताईंचे म्हणणे पटते, परंतु अंथरुणाला खिळलेल्या माणसाला डबा द्यावाच लागेल. त्यासाठी पंगतीत जेवणाऱ्यांपैकीच एकाला पाठवावे आणि डबा रिकामा होईपर्यंत तेथे बसायला सांगावे.

परवानग्यांचे थोडक्यात सांगतो. धार्मिक किंवा सामाजिक कार्यक्रमात अन्न वाटणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 खालील नोंदणी लागू आहे. अर्ज फॉस्कॉस या अन्न परवान्यांच्या सरकारी पोर्टलवर होतो आणि शुल्क नाममात्र आहे. घरगुती 14.2 किलोचे सिलिंडर वापरू नका, 19 किलोचे व्यावसायिकच घ्या. शिजवलेला भात दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर राहू देऊ नका. उरलेला ‘उद्या फोडणीला घालू’ असा मोह आपल्याकडे प्रत्येकाला होतो, पण विदर्भाच्या उन्हाळ्यात तो अंगाशी येतो.

दानात आलेली डाळ निवडूनच वापरावी. आमच्याकडे धानाच्या बांधीत उतेरा पीक (धान उभे असतानाच पेरलेले पुढचे पीक) म्हणून लाखोळी हे कडधान्य घेतात आणि तिची डाळ तुरीच्या डाळीत सहज खपून जाते. महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो. ज्यांच्या घरी दुसरी डाळ शिजतच नाही, त्यांच्या ताटात आपण तीच वाढू नये.

उत्तर: निवृत्त गुरुजी (जि. अमरावती)

पंगत म्हटली की कोणाच्या शेजारी कोण बसणार आणि स्वयंपाक कोणाच्या हातचा, हे प्रश्न न विचारताच उभे राहतात. त्यांची उत्तरे पहिल्या बैठकीतच ठरवून घ्यावीत: स्वयंपाकाची पाळी सर्व वस्त्यांतील महिलांना आळीपाळीने आणि बसण्याची रांग एकच. ज्यांना हे मान्य नसेल ते येणार नाहीत, आणि त्यांच्यासाठी वेगळी पंगत काढण्याचा आग्रह कितीही मोठ्या माणसाने धरला तरी तो मानू नये.

काही गावांत तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला वृद्ध मंडळी संध्याकाळी आधीच जमतात आणि जेवण त्याला जोडणे सोयीचे वाटते. तरीही बुद्धविहारात जाणाऱ्या आणि मोहल्ल्यात राहणाऱ्या वृद्धांना तेथे संकोच वाटू शकतो, म्हणून समाजमंदिराची आपली निवड योग्य आहे. वेळ मात्र ऋतूप्रमाणे बदला. वैशाखात भर दुपारी बारा वाजता काठी टेकत चालत यायला सांगणे धोक्याचे आहे. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत जेवण उरकावे आणि सोबत आंबील ठेवावी.

प्रश्नकर्ता: अडाणकाठ

ताई, धानबांधी आणि गुरुजी, मनापासून आभार. येत्या बैठकीत पाळीचा विषय सर्वांत आधी घेतो, कारण तेथेच खरी कुजबूज आहे. सुरुवात डाळ निवडण्यापासून करू. तूर अजून शेतात उभी असल्याने पहिल्या महिन्यापुरती डाळ गटाच्या पैशातून घ्यावी लागेल. ताई, आजोबांना हजेरीच्या वहीवर बसवल्यावर ते टिकले का, एवढे जरूर कळवावे.