कॅचला अट लावायची तर ‘व्हेन’ की आत ‘इफ’?

होटगी_रोड : टॉवेल कारखान्याचं बिलिंग, भाषा सी-शार्प, डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर. बिल सेव्ह करताना एरर १२०५ (डेडलॉक, म्हणजे दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांच्या लॉकवर अडकणं) आला तर परत प्रयत्न करायचा, २६२७ आला तर ‘हा बिल नंबर आधीच आहे’ असं दाखवायचं, बाकी सगळं वर, म्हणजे बोलावणाऱ्या कोडकडे, जाऊ द्यायचं. सध्या एकाच कॅचमध्ये (एरर पकडणारा भाग) इफ-एल्स आहे आणि शेवटी ‘थ्रो ईएक्स’, म्हणजे पकडलेला एरर पुन्हा वर फेकणं. लॉगमध्ये मूळ ओळच दिसत नाही.

चाटी_गल्ली : ‘थ्रो ईएक्स’नं स्टॅक ट्रेस (एरर कुठून कुठे आला याची यादी) त्या ओळीपासून नव्यानं सुरू होतो, म्हणून. नुसतं ‘थ्रो’ लिहिलंत तरी ट्रेस वाचेल, पण इथे व्हेनच हवं. सी-शार्प ६ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे. व्हीबी डॉट नेटमध्ये त्याच्याही आधीपासून. कॅचच्या कंसापुढे ‘व्हेन’ आणि त्यात अट : नंबर १२०५ आणि प्रयत्न ३ पेक्षा कमी. तिसऱ्यांदाही डेडलॉक झाला की अट खोटी ठरते आणि एक्सेप्शन (फेकलेला एरर) आपोआप वर जातं, वेगळं थ्रो लागत नाही. शिवाय अट खोटी ठरली की खालचा कॅच तपासला जातो. आतून थ्रो केलं तर शेजारच्या कॅचला ते कधीच मिळत नाही.

दोन गोष्टी सुटल्यात. २६२७ प्रायमरी की किंवा युनिक कन्स्ट्रेंटचा. नुसता युनिक इंडेक्स असेल तर २६०१ येतो. दोन्ही धरा. आणि १२०५ मध्ये सर्व्हरनं ट्रान्झॅक्शन आधीच रोलबॅक केलेलं (उलटवलेलं) असतं, त्यामुळे शेवटची क्वेरी नाही, अख्खं ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून चालवा. मध्ये थोडा, दर वेळी वेगळा थांबा ठेवा.

होटगी_रोड : डेटाबेसशी बोलायला एंटिटी फ्रेमवर्क कोअर ही लायब्ररी आहे. व्हेन लावलं, पण २६२७ ला अट लागतच नाही!

मधला_मारुती : तिथे सेव्ह करताना डीबी-अपडेट-एक्सेप्शन येतं, एसक्यूएलचं एक्सेप्शन त्याच्या इनर-एक्सेप्शनमध्ये असतं. तेच तपासा, पण ‘इज’नं, म्हणजे त्या प्रकारचं आहे का ते विचारून. थेट कास्ट करून (त्या प्रकारचं आहेच असं धरून) नंबर वाचलात आणि आत नल (काहीच नाही) निघालं, तर अटीतच एक्सेप्शन उडतं. रनटाइम ते गुपचूप गिळतो आणि अट खोटी धरतो. लॉगमध्ये अक्षरही येत नाही.

अट तपासली जाते तेव्हा आतले फायनली (शेवटी आवराआवर करणारे भाग) अजून चाललेले नसतात, म्हणजे लॉक आणि कनेक्शन अजून धरलेलेच. म्हणून अटीत डेटाबेसला हात लावू नका. अवेट (काम पुरं होण्याची वाट पाहणं) तर कंपाइलरच करू देत नाही.

होटगी_रोड : ईएक्सवरच थेट कास्ट होता. इनर-एक्सेप्शनवर ‘इज’ केल्यावर लागलं.