आधी अडकित्ता, मग पडदा

तरफ आणि कप्पी शिकवताना मुलांना संगणकावरील सिम्युलेशन, म्हणजे प्रयोगाची पडद्यावरची हुबेहूब नक्कल, द्यावे असे मत मांडले जाते; त्याच्याशी मी सहमत आहे. क्रम मात्र बदलावा, असे वाटते. खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेत मी प्रथम मुलांच्या हाती अडकित्ता, म्हणजे घरातली एक तरफच, देतो. सुपारी पात्याच्या टोकाशी धरली तर ती फुटता फुटत नाही आणि खिळीजवळ सरकवली की कटकन फुटते, हा फरक बोटांना आधी कळतो. त्यानंतर अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या ‘फेट’ (PhET) या विज्ञान-सिम्युलेशनच्या प्रकल्पातील झुलती फळी दाखवतो. टेकूपासून १ मीटरवर १० किलोची आणि पलीकडे २ मीटरवर ५ किलोची वीट ठेवली की फळी समतोल राहते, आणि भार गुणिले अंतर हा हिशेब मुले स्वतःच मांडू लागतात. ही सिम्युलेशन उतरवून घेतल्यास इंटरनेटशिवाय चालतात. आमच्या जंगलाकाठच्या गावांसाठी ही फार मोठी सोय आहे. मात्र विहिरीवरची एकच स्थिर कप्पी बळ वाचवत नाही, केवळ ओढण्याची दिशा बदलते, हे पडद्यावर पाहून मुलांना पटत नाही. भरलेली घागर दोराने वर ओढल्यावरच पटते.