श्वसनाच्या स्नायूंची ‘हालचाल’, ‘ताकद’ की ‘सक्रियता’? (सरफेस ईएमजी)

प्रश्न
मंडळी, एक शब्द अडलाय. श्वसनाच्या स्नायूंचं सरफेस ईएमजी करतात ना, छातीवर, मानेवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूंमधला विजेचा सिग्नल टिपतात ती तपासणी, त्याचं पेशंटसाठी मराठीत माहितीपत्रक करायचंय. आधीच्या मसुद्यात ‘श्वसनपेशींची हालचाल मोजणे’ असं लिहिलंय आणि ते वाचून कसंतरीच होतं पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाहीये. सरफेसला पण ‘पृष्ठभागीय’ केलंय. काय लिहावं?

प्रतिसाद १
पेशी आधी काढा. मराठीत पेशी म्हणजे सेल, तांबड्या पेशी पांढऱ्या पेशी वगैरे. हिंदीतली मांसपेशी इकडे घुसलीये. आपल्याकडे मसलला स्नायूच. (आयुर्वेदवाले आता भांडायला येतील, कारण सुश्रुतसंहितेत पेशी ५०० आणि स्नायू ९०० असे वेगळे मोजलेत आणि तिथली पेशी म्हणजे आपला आजचा स्नायू. खरंय त्यांचं, पण माहितीपत्रकात ते कशाला.)

प्रतिसाद २
पेशीपेक्षा मला ‘हालचाल’ जास्त खटकतंय, कारण इलेक्ट्रोडला हालचाल दिसतच नाही हो. साधं करून बघा, नाक चिमटीत धरा, तोंड बंद करा आणि श्वास आत घ्यायचा जोरात प्रयत्न करा. हवा येणार नाही, छाती फारशी फुगणार नाही, पण त्या वेळी इलेक्ट्रोड लावलेले असतील तर स्क्रीनवर सिग्नल चांगला मोठा दिसेल. उलट शांतपणे श्वास सोडताना छाती खाली बसते, म्हणजे हालचाल आहे, पण ती बरीचशी फुफ्फुसं आणि छाती आपोआप मूळ जागी येतात म्हणून, स्नायूंना त्यात विशेष काही करावं लागत नाही.

आणि कुणी ‘ताकद’ सुचवायच्या आत सांगतो, तेही नको. मेंदूकडून निघालेला इशारा फ्रेनिक नर्व्ह नावाच्या नसेतून श्वासपटलापर्यंत (डायफ्रॅम, छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू) येतो, स्नायूच्या तंतूंमध्ये विजेची लहर उठते, ती आपण कातडीवरून टिपतो. म्हणजे हुकूम किती जोरात आला ते कळतं, तो किती पाळला गेला ते नाही. सीओपीडीत (फुफ्फुसांचा दीर्घकालीन आजार) हेच होतं, फुफ्फुसात हवा अडकून श्वासपटल चपटं आणि आखूड झालेलं असतं, मग हुकूम खूप मोठा आणि त्या मानाने हवा थोडीच आत येते. अशा पेशंटचा आकडा वाढला आणि आपल्या पत्रकात ‘ताकद’ लिहिलेलं असलं तर तो खूशच होईल, सुधारणा झाली म्हणून! माझं मत ‘सक्रियता’ला.

प्रतिसाद ३
सक्रियता बरोबर आहे पण कोरडं वाटतं, कार्यकर्त्यांबद्दल बोलल्यासारखं. मथळ्यात ठेवा आणि खाली एक सरळ वाक्य द्या: ‘श्वास घेताना स्नायूंना किती इशारे पोचतात ते या तपासणीत कळतं.’

प्रतिसाद ४
मी या तपासण्या करते म्हणून थोडं लांबण लावते. ‘पृष्ठभागीय’ कोणालाच कळत नाही, ‘त्वचेवरून’ लिहा. आणि ‘विद्युत’ शब्द दिसला की निम्मे लोक विचारतात शॉक बसेल का, तेव्हा यंत्र करंट सोडत नाही, शरीरात तयार होणारा बारीकसा सिग्नल फक्त वाचतं, सुई टोचत नाही, हे पहिल्याच ओळीत टाका. इलेक्ट्रोड कुठे लावणार तेही सांगा, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंना बरगड्यांमधल्या दुसऱ्या फटीत, खालच्या बरगड्यांवर श्वासपटलासाठी आणि मानेवर. तिथले केस काढावे लागू शकतात, कातडी पुसावी लागते, आधी सांगितलेलं बरं.

आर्टिफॅक्टला, म्हणजे मूळ सिग्नलमध्ये मिसळणाऱ्या नको असलेल्या सिग्नलला, ‘दोष’ लिहू नका प्लीज. यातला सगळ्यात मोठा आर्टिफॅक्ट म्हणजे पेशंटचंच हृदय, त्याचा सिग्नल श्वासपटलाच्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा येतो आणि साध्या फिल्टरने पूर्ण जात नाही, कारण स्नायूंचा साधारण २० ते ५०० हर्ट्झ आणि हृदयाचा मुख्यतः १०० च्या आत, दोन्ही एकमेकांत मिसळलेले. मग ठोक्याच्या आसपासचा तुकडाच वगळायचा किंवा ठोक्याचा नमुना काढून वजा करायचा. रिपोर्टमध्ये ‘दोष आढळला’ वाचलं की पेशंट हृदय धरून बसतो. आम्ही ‘हृदयाच्या सिग्नलची सरमिसळ’ म्हणतो. शेजारच्या पोटाच्या स्नायूंचा सिग्नल येतो त्यालाही सरमिसळच चालतं.

प्रश्नकर्ता
वा, बरंच सुटलं. आता एकच, रिपोर्टमध्ये आकडा मायक्रोव्होल्टमध्ये न देता टक्क्यांत का? आणि त्यातल्या ‘स्निफ’ला काय लिहू, ‘हुंगणे’?

प्रतिसाद ४
टक्के अशासाठी की कातडीखालची चरबी जाड असली की सिग्नल आपोआप छोटा दिसतो, इलेक्ट्रोड जरा सरकला तरी फरक पडतो, त्यामुळे दोन माणसांचे मायक्रोव्होल्ट शेजारी ठेवून उपयोग नसतो. म्हणून आधी त्याच माणसाकडून जास्तीत जास्त जोर लावून घ्यायचा (स्निफ त्यासाठीच), तो त्याचा १०० टक्के, आणि शांत श्वासाचा सिग्नल त्याच्या तुलनेत.

‘हुंगणे’ अजिबात नको. हुंगा म्हटलं की लोक अगदी हळुवार वास घेतात, मग १०० टक्केच खोटा येतो आणि पुढचे सगळे आकडे फुगतात. ‘नाक शिंकरा’ तर उलटंच, हवा बाहेर. ‘सर्दी झाल्यावर नाक वर ओढतो तसं, एकदाच, झटकन आणि पूर्ण जोर लावून’ असं लिहा, लांब होईल पण पेशंट नेमकं तेच करेल.