1999 सिव्हिक हॅचबॅकमध्ये के20 इंजिन : एअर इनटेक कोणता निवडावा?

फ्रीमाँटकर_ईके

नमस्कार मंडळी. माझ्याकडे 1999 सालची होंडा सिव्हिक हॅचबॅक आहे. तिच्यातले 106 अश्वशक्तीचे मूळ डी16 इंजिन काढून त्याजागी 2004 च्या अ‍ॅक्युरा आरएसएक्स टाइप-एस गाडीचे के20ए2 इंजिन बसवले आहे. इंजिनाबरोबर त्याच गाडीचा गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीयू (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक), कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि इंधनाचे बाष्पीभवन रोखणारी सगळी यंत्रणाही घेतली. इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांत वाटून देणारा भाग) आणि केबलवर चालणारी थ्रॉटल बॉडी (आत जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) मूळचीच आहे. सध्या थ्रॉटलला तात्पुरता पाइप आणि टोकाला एक फिल्टर आहे. आता कॅलिफोर्नियातील रेफरीकडे (इंजिन बदललेल्या गाड्यांची उत्सर्जन तपासणी करणाऱ्याकडे) जाण्यापूर्वी इनटेकचा, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या पाइप आणि फिल्टरचा निर्णय पक्का करायचा आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला म्हणजे आरएसएक्सचा मूळ एअरबॉक्स. तो या गाडीच्या मानाने बराच मोठा आहे, आणि डाव्या हेडलाइटमागच्या जागेत तो बसवायचा तर ब्रॅकेट नव्याने करावे लागतील. दुसरा म्हणजे आरएसएक्ससाठी तयार मिळणारा आखूड पाइपचा इनटेक, ज्याचा फिल्टर इंजिनाच्याच कप्प्यात राहतो. तिसरा पर्याय खास अशा इंजिनबदलासाठी बनवलेल्या साडेतीन इंची पाइपचा असून त्याचा फिल्टर खाली बंपरच्या पोकळीत जातो. दिसायला हा तिसरा सर्वांत देखणा आहे आणि विक्रेते शक्तिवाढीचे मोठे आकडेही सांगतात, पण त्यावर कार्बचा, म्हणजे राज्याच्या हवा मंडळाचा सूट क्रमांक नाही.

गाडी रोज कामावर नेण्यासाठी आहे, शिवाय वर्षातून काही वेळा थंडरहिलच्या ट्रॅकवर नेण्याचा विचार आहे. तिथे उन्हाळ्यात चांगलेच तापते. अनुभवी सभासदांनी केवळ पसंती न सांगता कारणांसह मार्गदर्शन करावे, ही विनंती.

कॅलिब्रेशन_मिशिगन

आपण इंजिनासोबत त्याची उत्सर्जनयंत्रणाही जशीच्या तशी आणली, हे फार चांगले केलेत. निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. माझे काम इंजिनाच्या कॅलिब्रेशनचे असल्यामुळे मी आधी हवेच्या हिशेबाबद्दल लिहिते.

हे इंजिन 1998 घनसेंटिमीटरचे आहे आणि दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा घेते. सिलिंडर पूर्ण भरतात असे धरले, तर 8000 आरपीएमला मिनिटाला सुमारे 8000 लिटर हवा लागेल. तीन इंची पाइपचा आतला व्यास साधारण 73 मिलिमीटर असतो, त्यातून ही हवा सेकंदाला सुमारे 32 मीटर वेगाने जाते. अडीच इंची पाइपमध्ये हाच वेग 47 मीटरच्या आसपास पोचतो आणि साडेतीन इंचीमध्ये 23 वर येतो. पाइपमधील दाबाची घट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे अडीचवरून तीन इंचांवर जाण्यात अर्थ आहे. तीनवरून साडेतीनवर गेल्याने मात्र वाचणारा दाब जेमतेम 0.3 किलोपास्कल एवढाच असतो. वातावरणाचा दाब सुमारे 101 किलोपास्कल असतो हे लक्षात घेतले, तर हा फायदा 200 अश्वशक्तीच्या इंजिनावर एका अश्वशक्तीलाही पुरत नाही. शिवाय आपली थ्रॉटल बॉडी 62 मिलिमीटरची आहे, म्हणजे वाटेतला सर्वांत अरुंद भाग तोच आहे आणि त्याआधी पाइप कितीही रुंद केला तरी तो भाग तसाच राहतो.

आता तापमान पाहा. बाहेरची हवा 25 अंश सेल्सिअस असताना फिल्टरने बॉनेटखालची 55 अंशांची हवा ओढली, तर हवेची घनता सुमारे 9 टक्क्यांनी घटते. शक्ती तेवढ्या प्रमाणात घटत नाही, कारण थंड हवाही मॅनिफोल्ड आणि व्हॉल्व्हपर्यंत जाताना थोडी तापतेच. म्हणूनच डायनोचे (शक्ती मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे दुरुस्त करण्याच्या एसएई या अभियंत्यांच्या संघटनेच्या सूत्रात तापमानाचे वर्गमूळ घेतात. त्या हिशेबाने घट पावणेपाच टक्क्यांच्या जवळपास येते, म्हणजे 9 ते 10 अश्वशक्ती. त्यावर ईसीयू तापलेली हवा पाहून प्रज्वलन मागे घेतो, तो तोटा वेगळा. पाइपच्या जाडीवरून चर्चा रंगते, पण निर्णय खरे तर फिल्टर कोणत्या हवेत उभा आहे यावर घ्यायला हवा.

आखूड पाइपच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. वाहतूक कोंडीत गाडी उभी असताना तापमान चढते खरे, पण तेव्हा थ्रॉटल जवळपास बंद असते आणि शक्तीची गरजही नसते. गाडी वेगात आली की कप्प्यातली हवा बदलते आणि आकडा खाली येतो. तो किती आणि किती वेळात खाली येतो, हे प्रत्येक गाडीत वेगळे असते. आपल्या गाडीत तर अधिकच वेगळे असणार, कारण हे इंजिन या बॉडीसाठी बनलेलेच नाही. या इंजिनाची इनटेकची बाजू पुढे रेडिएटरकडे असते आणि एक्झॉस्ट मागे, तर आपल्या जुन्या डी16 मध्ये याच्या उलट होते. म्हणजे आता फिल्टरचा शेजारी एक्झॉस्ट नसून रेडिएटर आहे, आणि त्याच्या पंख्याने मागे फेकलेली गरम हवा थेट फिल्टरवर येते की नाही, हे पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

यासाठी डायनोची गरज नाही. गाडीच्या संगणकातील आकडे दाखवणाऱ्या साध्या ओबीडी स्कॅनरवर इनटेक हवेचे तापमान दिसते. महामार्गावर ताशी 60 मैलांच्या स्थिर वेगाने दहा मिनिटे गेल्यावर तो आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा 8 ते 10 अंशांहून जास्त नसेल, तर मांडणी चांगली आहे असे समजा. दुसरी चाचणी दाबाची. इंजिन बंद ठेवून नुसती किल्ली चालू केली की मॅनिफोल्डमधील दाब मोजणारा मॅप सेन्सर वातावरणाचा दाब दाखवतो, तो लिहून ठेवा. मग ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटल आणि 7000 आरपीएमच्या वर तोच सेन्सर काय दाखवतो ते नोंदवा. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे फिल्टर, पाइप, थ्रॉटल आणि मॅनिफोल्ड यांचा एकत्रित अडथळा. फिल्टर बदलून हा फरक हललाच नाही, तर आणखी महागडा फिल्टर घेण्यात काही हशील नाही.

पाइपच्या लांबीचाही परिणाम होतो, हे नाकारता येणार नाही. थ्रॉटलच्या आधीच्या लांब पाइपमध्ये दाबाच्या लहरी अशा जुळतात की मधल्या आरपीएमला टॉर्क थोडा वाढतो, आणि आखूड पाइपमध्ये तो फायदा कमी होतो. रोजच्या चालवण्यात तो जाणवतोही. पण त्यासाठी फिल्टर बंपरखाली न्यावा, असे मी रोजच्या गाडीला सुचवणार नाही.

सॅक्रामेंटो_गॅरेज

ताईंनी हवेचा हिशेब उत्तम मांडला आहे. मी कागदपत्रांबद्दल लिहितो, कारण कॅलिफोर्नियात हा विषय आधी तिथे अडतो.

राज्याच्या वाहन संहितेच्या कलम 27156 नुसार उत्सर्जनयंत्रणेवर परिणाम करणारा कोणताही सुटा भाग बसवायचा असेल, तर त्याला कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाची, म्हणजेच कार्बची सूट लागते. त्या सूटपत्राला क्रमांक असतो आणि त्याच्या यादीत कोणत्या गाडीला, कोणत्या सालच्या मॉडेलला आणि कोणत्या इंजिनाला तो भाग चालतो हे लिहिलेले असते. कार्बच्या संकेतस्थळावर ही पत्रे शोधता येतात. विक्रेत्याच्या जाहिरातीवर विसंबू नका, पत्र उघडून 2004 आरएसएक्स टाइप-एस हे नाव यादीत आहे याची खात्री करून घ्या.

इंजिन बदललेल्या गाडीचा मूळ नियम असा की बसवलेले इंजिन गाडीच्या सालाचे किंवा त्यानंतरचे असावे, त्याच वर्गातील वाहनाचे असावे आणि त्या इंजिनाची सगळी उत्सर्जनयंत्रणा सोबत असावी. 1999 च्या गाडीत 2004 चे इंजिन या कसोटीत बसते. ब्यूरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरचा रेफरी गाडी पाहून दाराजवळ लेबल लावतो, आणि पुढच्या स्मॉग (धुराच्या) तपासण्या त्या लेबलावरील इंजिनाप्रमाणे होतात. त्यामुळे सूट क्रमांक नसलेला आपला तिसरा पर्याय डोळ्यांनी होणाऱ्या पाहणीतच नापास होईल. पाहणीच्या वेळी एक इनटेक आणि नंतर दुसरा, असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. तो बेकायदा आहे, शिवाय पुढची तपासणी दोन वर्षांनी पुन्हा दारात उभी राहतेच.

एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. सूट मिळालेला भाग जसा मंजूर झाला तसाच बसवावा लागतो. त्याच्या रचनेत बदल केला की ती सूट त्या भागाला लागू राहत नाही. आरएसएक्ससाठी बनवलेला लांब, फेंडरमध्ये उतरणारा इनटेक सिव्हिकमध्ये बसावा म्हणून कापला किंवा वाकवला, तर क्रमांकाचे स्टिकर असूनही तो भाग मंजूर राहत नाही. आखूड पाइपचा फायदा इथे आहे. लांबी कमी असल्यामुळे तो न कापता बसण्याची शक्यता बरीच जास्त असते. कागदावर इनटेक इंजिनाचा असतो, पण प्रत्यक्षात त्याला जागा गाडीच्या अंगातच शोधावी लागते, आणि या दोन्ही अटी पाळणारे पर्याय मोजकेच उरतात. मूळ एअरबॉक्स बसत असेल तर कागदाच्या दृष्टीने तोच सर्वांत निर्धोक आहे. मात्र त्यासाठी मधली नळी वेगळी वापरावी लागणार असेल, तर रेफरीच्या कार्यालयाला आधी फोन करून विचारा.

झडपेच्या झाकणावरून येणारी श्वासनळी विसरू नका. ती फिल्टरनंतर आणि थ्रॉटलच्या आधी इनटेकमध्येच जोडलेली असली पाहिजे. तिच्या टोकाला छोटा फिल्टर लावून ती मोकळी सोडलेली दिसली, तर पाहणी तिथेच थांबते.

कोथरूडहून_रोहन

पाण्याबद्दल थोडे लिहितो. 26 जुलै 2005 च्या मुंबईच्या पुरात कितीतरी गाड्यांच्या इंजिनांत हवेच्या वाटेने पाणी शिरले, आणि त्या गाड्यांचे इनटेक मूळचे, उंचावरचे होते. पाणी दाबले जात नाही. त्यामुळे सिलिंडरमध्ये ते शिरले की पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंपरच्या पोकळीतला फिल्टर रस्त्यापासून वीतभर उंचीवर असतो. तुमच्या कॅलिफोर्नियातही जानेवारी 2023 मध्ये अतिवृष्टीने रस्ते पाण्याखाली गेले होतेच. लांब पाइपमध्ये हवा आत घेणारी आपत्कालीन झडप मिळते, पण मुळात फिल्टर वर ठेवता येत असेल तर तिची गरजच पडत नाही.

फिल्टरच्या कापडाबद्दल माझे मत असे की तेल लावलेल्या सुती जाळीपेक्षा कोरडा कृत्रिम धाग्याचा फिल्टर रोजच्या गाडीला बरा. सुती फिल्टर धुऊन पुन्हा तेल लावताना प्रमाण चुकते. कमी पडले तर धूळ आत जाते आणि जास्त झाले तर तेल पुढे ओढले जाते. फक्त फिल्टर बदलल्याने सूटपत्रातील यादीला बाधा येत नाही ना, हे सॅक्रामेंटोच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे तपासून घ्या.

फ्रीमाँटकर_ईके

सर्वांचे मनापासून आभार. काल मूळ एअरबॉक्स प्रत्यक्ष ठेवून पाहिला. हेडलाइटच्या मागच्या घराला तो टेकतो आणि बॉनेटही पूर्ण लागत नाही, म्हणून तो पर्याय सोडला. आखूड इनटेकच्या सूटपत्रात 2004 टाइप-एस आहे आणि तो न कापता बसेल असे मापावरून दिसते. दोन शंका उरल्या आहेत. 2006 ते 2011 च्या सिव्हिक एसआयचा वापरलेला इनटेक निम्म्या किमतीत मिळतो आहे, तोही के20 साठीचाच आहे, तर तो चालेल का? आणि रेडिएटरची गरम हवा अडवण्यासाठी पत्र्याचा आडोसा कसा करावा?

कॅलिब्रेशन_मिशिगन

एसआयचा इनटेक घेऊ नका. त्या गाडीतील के20झेड3 इंजिन पाइपमध्ये बसवलेल्या मास एअरफ्लो सेन्सरने हवा मोजते आणि त्याचे थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे. आपला ईसीयू मॅनिफोल्डमधील दाब आणि हवेचे तापमान यांवरून इंधन ठरवतो, त्याला त्या सेन्सरच्या घराचा काहीच उपयोग नाही. उलट ते भोक बुजवावे लागेल, आणि सूटपत्राच्या यादीत आपले इंजिन नसेल ते वेगळेच. आपल्या इंजिनाला पाइपमध्ये फक्त तापमानाचा सेन्सर लागतो. तो रबरी ग्रोमेटमध्ये घट्ट बसला पाहिजे आणि त्याचे टोक हवेच्या प्रवाहात आले पाहिजे, कारण पाइपच्या धातूला टेकलेला सेन्सर हवेचे नव्हे, तर धातूचे तापमान सांगतो.

आडोशासाठी दीड मिलिमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पुरेसा आहे. तो रेडिएटर आणि फिल्टर यांच्या मध्ये उभा करा, वरची कड बॉनेटच्या आतल्या बाजूला रबराच्या पट्टीने टेकू द्या आणि फिल्टरभोवती चहूबाजूंनी किमान दोन बोटे मोकळी ठेवा. पत्रा इनटेकला न जोडता बॉडीलाच बोल्टने बसवा, म्हणजे मंजूर भागाला हात लागत नाही. हेडलाइटच्या बाजूने बाहेरची हवा आणणारी एक स्वतंत्र नळी त्या कोपऱ्यात तोंड करून सोडा, आणि तिच्या सर्वांत खालच्या वळणाला पाणी निथळण्यासाठी छोटे भोक ठेवा. पाइपच्या मध्यावर बॉडीला धरणारे ब्रॅकेट असेल तर त्यात रबरी बुश घाला. हे इंजिन आपल्या माउंटवर बरेच हलते, आणि पाइप बॉडीला कडक बांधला तर थ्रॉटलजवळचा सिलिकॉनचा जोड आधी सैल होतो आणि मग तिथून न गाळलेली हवा आत जाऊ लागते. रेफरीकडे जाण्याआधी आठवडाभर गाडी चालवा आणि तो क्लॅम्प पुन्हा एकदा आवळून पाहा.