मदत हवी आहे: बाळाचा हायडा स्कॅन आणि त्याआधीचे पाच दिवसांचे औषध

मृद्गंध: बाळाची कावीळ उतरत नसल्यामुळे डॉक्टरांनी हायडा स्कॅन (यकृतातून पित्त आतड्यात उतरते का हे पाहणारी तपासणी) सांगितला आहे. त्याआधी पाच दिवस फिनोबार्बिटोन द्यायचे असून स्कॅनची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. औषध सुरू केल्यापासून बाळ सारखे झोपते आणि दूध नीट ओढत नाही. हे औषध न देता स्कॅन लगेच करता येतो का? ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया लवकर सांगावे.

सदाफुली: बाळाचे वय किती, शीचा रंग कसा आणि डायरेक्ट बिलिरुबिन (काविळीच्या पिवळ्या द्रव्याचा यकृताने प्रक्रिया केलेला भाग) किती, हे सांगितल्याशिवाय कोणीही काय सांगणार?

जुना_पार्लेकर: माझ्या नातवाची कावीळ सकाळच्या कोवळ्या उन्हाने गेली. एवढ्याशा जिवाला किरणोत्सर्गी पदार्थ टोचण्याची घाई करू नये.

गॅमा_कॅमेरा: काका, ऊन असो वा निळा प्रकाश, त्याने इनडायरेक्ट बिलिरुबिन कमी होते; पित्त अडल्यामुळे डायरेक्ट वाढले असेल तर त्याचा उपयोग नाही. मी हा स्कॅन करणाऱ्या विभागातच तंत्रज्ञ आहे. टेक्नेशियम-99एम जोडलेले मेब्रोफेनिन शिरेतून दिले की यकृताच्या पेशी ते बिलिरुबिनसारखेच उचलतात आणि पित्तातून आतड्यात सोडतात. टेक्नेशियमचे अर्धायुष्य अवघे 6 तासांचे असल्याने मात्रा फार काळ टिकत नाही. ती आतड्यात दिसली, तर पित्तनलिका बंद असण्याची, म्हणजे बिलियरी अट्रेशियाची, शंका जवळजवळ मिटते. 24 तासांनंतरही दिसली नाही, तर मात्र निदान पक्के होत नाही, कारण यकृताला जबर सूज असली तरी असेच चित्र येते. ही गल्लत कमी व्हावी म्हणून फिनोबार्बिटोन देऊन पित्ताचा स्राव वाढवतात. (शेवटच्या चित्राआधी लंगोट बदलायला सांगा, लघवीतून उतरलेली मात्रा आतड्यातली वाटू शकते.)

निवडुंग: माझ्या भावाला पित्ताशयाच्या दुखण्यासाठी हाच स्कॅन सांगितला होता आणि पित्ताशय किती आकुंचन पावते ते त्यात मोजले होते.

सदाफुली: निवडुंग, तो प्रश्न मोठ्यांचा आहे. मृद्गंध, वय?

मृद्गंध: क्षमस्व, दवाखान्यात होते. बाळ सात आठवड्यांचे आहे. एकूण बिलिरुबिन 9.4, डायरेक्ट 6.8. शी मातकट पांढरी होते, पण सासूबाई म्हणतात की वरच्या दुधामुळे तसे होते. सोनोग्राफीत पित्ताशय नीट दिसले नाही.

ओंजळ: मग स्कॅनची वाट पाहूच नका. आमच्या मुलीच्या वेळी सर्जननी स्कॅन वगळून थेट यकृताची बायोप्सी केली आणि नंतर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच पित्तनलिकेत रंगद्रव्य सोडून खात्री केली. युरोप-अमेरिकेच्या बालयकृततज्ज्ञांच्या 2017च्या मार्गदर्शक सूचनाही या स्कॅनची भूमिका मर्यादितच मानतात.

गॅमा_कॅमेरा: मर्यादित म्हणजे निरुपयोगी नव्हे. मात्रा आतड्यात दिसली तर बाळाचे पोट उघडावे लागत नाही.

ओंजळ: मान्य, पण पांढरी शी, न दिसणारे पित्ताशय आणि सात आठवडे, एवढे जुळून आल्यावर? जपानच्या मोरिओ कसाई यांची शस्त्रक्रिया, जिच्यात आतड्याचे वेटोळे थेट यकृताच्या दाराशी जोडतात, ती शक्यतो 60 दिवसांच्या आत व्हावी असे सांगतात. पुढच्या आठवड्यात स्कॅन आणि दुसऱ्या दिवशी अहवाल म्हटले, की ती मुदत जवळजवळ संपते.

गॅमा_कॅमेरा: या बाळाच्या बाबतीत मलाही हेच पटते. मृद्गंध, औषध मनाने बंद करू नका. बाळ दूध ओढत नाही हे आजच डॉक्टरांना कळवा आणि बालशल्यचिकित्सकांची भेट स्कॅनपूर्वीच मागा.

जुना_पार्लेकर: डायरेक्टचा आकडा पाहून मीही तेच म्हणेन. उन्हाचे राहू द्या.

मृद्गंध: आत्ताच फोन झाला. औषधाची मात्रा कमी करायला सांगितली असून उद्या सकाळी सर्जनकडे बोलावले आहे. सोबत काय न्यावे?

सदाफुली: सगळे अहवाल, तिन्हीत्रिकाळच्या शीचे दिवसाच्या उजेडात काढलेले फोटो, आणि रक्त गोठण्याची तपासणी झाली असल्यास तिचा कागद. पित्त अडल्यावर व्हिटॅमिन के शोषले जात नाही. ती तपासणी झाली आहे का?